भाड्याच्या सेस्नासाठी ट्रॅफिक आणि हवामान दाखवणारा कोणता रिसीव्हर घ्यावा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. खासगी वैमानिकाचा परवाना मिळून तुम्हाला सहा महिने झालेत. शिकागोजवळच्या ड्यूपेज विमानतळावरून क्लबची सेस्ना १७२, म्हणजे चार जणांचं एका इंजिनाचं छोटं विमान, भाड्यानं घेऊन उडवता, एकूण तास नव्वदच्या आसपास. आयपॅड फक्त वायफायचा, त्यावर फोरफ्लाइट हे वैमानिकांचं नकाशे-हवामानाचं ॲप. ऑगस्टमध्ये बायको आणि नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन मॅकिनॅक बेटावर जायचा बेत आहे. त्यासाठी आजूबाजूची विमानं (म्हणजेच ट्रॅफिक) आणि हवामान आयपॅडवर दाखवणाऱ्या रिसीव्हरांपैकी सेंट्री घ्यावी, स्वस्तातली सेंट्री मिनी घ्यावी, उपग्रहावरून हवामान देणारा गार्मिनचा जीडीएल ५२ घ्यावा, की रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर स्ट्रॅटक्स घरीच बांधावा? आणि पुढेमागे भारतात परतलात तर ते यंत्र तिथे चालेल का?

मी गेली चौदा वर्षं इलिनॉयमध्ये विमान उडवायला शिकवते. हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी येतो. सरळ उत्तर हवं असेल तर तुमच्या जागी मी स्वतःची बॅटरी आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असलेली सेंट्री घेईन. पण हे उत्तर तीन खुंटांवर उभं आहे: विमान भाड्याचं आहे, आयपॅडला स्वतःचं जीपीएस नाही आणि ॲप फोरफ्लाइट आहे. यातला एक जरी खुंट हलला तरी उत्तर बदलतं. ते कसं, ते पुढे सांगते.

त्याआधी एक गोष्ट. तुम्ही विचारलंय यंत्राबद्दल, पण मला काळजी वाटते ती तुमच्या पत्रातल्या एका वाक्याची: "एकदा हे घेतलं की आजूबाजूची सगळी विमानं दिसतील, मग घरच्यांना घेऊन जायला भीती नाही." सगळी दिसत नाहीत. कोणती दिसत नाहीत आणि का, हे ज्याला नीट कळलंय त्याच्या हातात स्वस्तातलं यंत्रही उत्तम काम करतं. ज्याला कळलेलं नाही त्याच्या हातात महागडं यंत्र जास्त घातक, कारण त्याचं चित्र अधिक देखणं असतं आणि माणूस त्यावर विसंबतो.

पॉप्लर ग्रोव्हचा एक प्रसंग सांगते. ड्यूपेजपासून फार लांब नाही, टॉवर नसलेला विमानतळ, डांबरी धावपट्टीच्या जोडीला गवताच्या धावपट्ट्या, आणि जुन्या विमानांवर जीव टाकणारी माणसं. माझा एक विद्यार्थी डाउनविंडवर होता, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीला समांतर, उलट दिशेनं जाण्याच्या टप्प्यावर. आयपॅड मांडीवर, पडदा रिकामा. त्यानं रेडिओवर आपली जागा सांगितली, पुन्हा एकदा आयपॅडकडे पाहिलं आणि डावीकडे वळायला हात घातला. मी "थांब" म्हणाले. आमच्या खाली, थोडी पुढे, एक पिवळी पायपर कब, जुन्या घडणीचं छोटं विमान, गवताच्या धावपट्टीकडे निवांत चालली होती. हिरव्या मक्याच्या शेतावर ती इतकी ठळक होती की खिडकीतून बघणाऱ्याला चुकूच नये. पण विद्यार्थ्याची नजर मांडीवर होती. त्या कबला मुळात वीजव्यवस्थाच नाही. रडारला उत्तर देणारा ट्रान्सपॉन्डर नाही, काही प्रसारित करणं नाही. आमचा रिसीव्हर अगदी ठणठणीत होता. त्याला ऐकायलाच काही नव्हतं.

हा रिसीव्हर कानासारखा आहे, डोळ्यासारखा नाही. जो बोलतो त्याचंच त्याला कळतं. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून ठरावीक हवाई क्षेत्रांत एडीएस-बी आउट सक्तीचं झालं. म्हणजे विमानानं आपली जागा, उंची आणि वेग स्वतःहून प्रसारित करत राहायचं. शिकागोच्या ओहेअर विमानतळाभोवतीच्या ३० सागरी मैलांच्या वर्तुळात ते लागतं, आणि ड्यूपेज त्या वर्तुळात येतं, त्यामुळे तुमच्या क्लबच्या विमानात ते असणारच. पण वर्तुळाच्या बाहेर, खालच्या उंचीवर, शेतांवरून उडणाऱ्या कितीतरी विमानांना ती सक्ती नाही. वीजव्यवस्थेशिवाय बांधलेली विमानं, ग्लायडर, फुगे यांना तर वर्तुळाच्या आतही सवलती आहेत. आणि शनिवारी सकाळी तुम्ही नेमके अशाच ठिकाणी, अशांच्याच शेजारी असता.

आता पडद्यावर विमान येतं कसं ते पाहू, कारण निवडीचा निम्मा निकाल इथेच लागतो. प्रसारण दोन लहरींवर होतं. १०९० मेगाहर्ट्‌झ ही जगभरची, मोठ्या विमानांचीही. ९७८ मेगाहर्ट्‌झ ही अमेरिकेतली, १८,००० फुटांखाली उडणाऱ्या छोट्या विमानांसाठी. दोन्ही लहरी ऐकणारा रिसीव्हर घेतलात तर जवळची विमानं थेट ऐकू येतात, मध्ये कुणी लागत नाही. एकच लहर ऐकणाऱ्याला मात्र दुसऱ्या लहरीवरची विमानं जमिनीवरच्या केंद्रानं पुन्हा प्रसारित केली तरच दिसतात. म्हणून जुनं यंत्र कुणी स्वस्तात देऊ केलं तर पहिला प्रश्न हाच विचारा. २०१२ साली आलेला पहिला स्ट्रॅटस (स्ट्रॅटक्स नव्हे, नाव जवळचं पण यंत्र वेगळं) फक्त ९७८ ऐकायचा. त्या वेळी ती मोठीच गोष्ट होती, पण आज तो फुकट मिळाला तरी मी घेणार नाही. तुम्ही नावं घेतलेली चारही यंत्रं दोन्ही लहरी ऐकतात, त्यामुळे या परीक्षेत चौघेही पास.

तिसरी वाट अशी: ज्या विमानांत नुसता साधा ट्रान्सपॉन्डर आहे, ती जमिनीवरच्या रडारला दिसतात आणि केंद्र त्यांची माहिती वर पाठवतं. पण सरसकट सगळ्यांना नाही. केंद्र ती पाठवतं ती 'ग्राहक' विमानासाठी, त्याच्याभोवती १५ सागरी मैल आणि वर-खाली ३,५०० फूट एवढ्या चकतीपुरती. ग्राहक व्हायचं तर दोन गोष्टी लागतात. तुमच्या विमानात आउट चालू हवं, आणि त्या आउटच्या संदेशात "या विमानात ऐकणारं यंत्र आहे, अमुक लहरी ऐकतं" अशी खूण हवी. ही खूण विमानात बसवलेल्या पेटीच्या सेटिंगमध्ये असते. तुमच्या खिशातल्या रिसीव्हरला तिचा पत्ताही नसतो. भाड्याच्या विमानांत ती खूण चुकीची किंवा मुळीच न भरलेली मी अनेकदा पाहिली आहे. परिणाम असा की रिसीव्हर नवा, चित्र अर्धवट, आणि ते अर्धवट आहे हे कुणाला कळतही नाही, कारण तुमच्याजवळून दुसरा एखादा ग्राहक उडत असेल तर त्याच्या चकतीतली विमानं तुम्हालाही दिसतात. तो लांब गेला की ती पडद्यावरून नाहीशी होतात, विमानं मात्र आकाशात असतातच.

म्हणून यंत्राची ऑर्डर देण्याआधी क्लबच्या मेकॅनिकला गाठा. "आपल्या विमानाच्या आउटमध्ये दोन्ही लहरी ऐकण्याची खूण भरली आहे का?" एवढंच विचारा. शिवाय एफएए या अमेरिकेच्या हवाई नियामक संस्थेच्या संकेतस्थळावरून कुठल्याही उड्डाणाचा एडीएस-बी अहवाल विनाशुल्क मागवता येतो. विमानाचा नंबर आणि उड्डाणाची तारीख भरली की तुमचं आउट नीट चाललं का ते कळतं. मी प्रत्येक नव्या विमानाचा असा अहवाल एकदा मागवतेच.

दुसरी गोष्ट आवाजाची. ट्रॅफिकचं चित्र मला दुय्यम वाटतं, बोलून दिलेला इशारा मुख्य. १३ मे २०१९ रोजी अलास्कात केचिकनजवळ पर्यटकांना घेऊन निघालेली दोन पाण्यावर उतरणारी विमानं, एक ऑटर आणि एक बीव्हर, स्वच्छ उजेडात एकमेकांवर आदळली. सहा जण गेले. ऑटरमध्ये आजूबाजूची विमानं दाखवणारा पडदा होता. तिच्या वैमानिकानं टकरीच्या सुमारे चार मिनिटं आधी त्याकडे पाहिलं होतं. निळ्या त्रिकोणांचे दोन पुंजके दिसले, पण त्याच्या वाटेवर काही नव्हतं. अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या सरकारी संस्थेच्या तपासात पुढे आलं की आधीच्या जुन्या उपकरणात ऐकू येणाऱ्या इशाऱ्याची सोय होती, नव्यात ती राहिली नाही. आणि ऑटर आपली उंची प्रसारित करत नसल्यामुळे बीव्हरमधल्या टॅब्लेटलाही इशारा देता आला नसता. मी हा अहवाल प्रत्येक विद्यार्थ्याला वाचायला लावते. चार मिनिटं म्हणजे अनंतकाळ. प्रत्येकी १२० नॉटनं, म्हणजे ताशी १२० सागरी मैलांनी, समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांमधलं एक सागरी मैलाचं अंतर १५ सेकंदांत संपतं. आणि समोरचं विमान दिसणं, ते अंगावर येतंय हे उमगणं, निर्णय घेणं आणि विमान प्रत्यक्ष वळणं याला साडेबारा सेकंद लागतात, असं एफएएच्या जुन्या मार्गदर्शनातच लिहिलेलं आहे.

तेव्हा यंत्र घेतल्यावर पहिलं काम म्हणजे इशारा हेडसेटमध्ये ऐकू येतो याची खात्री करणं. रिसीव्हर वायफायनं आयपॅडला जोडतो, आयपॅड ब्लूटूथनं हेडसेटला. हेडसेटला ब्लूटूथ नसेल तर वायर लागेल, तिचा खर्च आत्ताच धरा. पॅटर्नमध्ये, म्हणजे उतरण्यासाठी विमानतळाभोवती घालायच्या फेरीत, इशारे वारंवार येतात, कंटाळून बंद करावेसे वाटतात. बंद करू नका.

आवाज येऊ लागला की पुढचा घोळ आपल्याच सावलीचा. "ट्रॅफिक, त्याच उंचीवर, अगदी जवळ" असा इशारा येतो आणि नवखा वैमानिक घाबरून मान वळवत राहतो, तर ते त्याचंच विमान असतं, केंद्रानं परत पाठवलेलं. प्रत्येक विमानाला अंक आणि इंग्रजी अक्षरांचा एक सांकेतिक क्रमांक असतो, तो ॲपमध्ये भरला की ॲप स्वतःला ओळखतं. स्वतःच्या विमानात हे एकदाच करायचं. तुम्ही मात्र आज एक विमान घ्याल, पुढच्या आठवड्यात दुसरं. म्हणून क्लबच्या प्रत्येक विमानाची नोंद ॲपमध्ये करून ठेवा आणि इंजिन सुरू करण्याआधीच्या तपासणीत "ॲपमध्ये बरोबर विमान निवडलं का" ही ओळ हातानं लिहून टाका. चुकीच्या विमानाचा क्रमांक राहिला आणि तेच विमान त्या दिवशी तुमच्या शेजारी उडत असेल तर काय होईल? ॲप त्यालाच 'आपण' समजून पडद्यावरून पुसून टाकेल.

आता हवामान. तुमच्या सहलीसाठी खरा जीव इथे आहे.

९७८ लहरीवर जमिनीवरची केंद्रं हवामान फुकट पाठवतात: विमानतळांचे अहवाल आणि अंदाज, वारे, इशारे, इतर वैमानिकांनी सांगितलेल्या गोष्टी, बंद केलेली हवाई क्षेत्रं, आणि पावसाचं रडार. महिन्याचं शुल्क नाही, सभासदत्व नाही. मात्र संदेश सरळ रेषेत येतो. घाटात शिरलं की मोबाइलची रेंज जाते तसंच हे. तुम्ही ३,००० फूट उंच असाल तर रेडिओचं क्षितिज साधारण ६७ सागरी मैलांवर असतं, १,००० फुटांवर ते ३९ वर येतं, आणि जमिनीवर उभं असताना कितीतरी छोट्या विमानतळांवर काहीच येत नाही. तेव्हा टेकऑफच्या आधीचं हवामान घरच्या किंवा क्लबच्या इंटरनेटवर बघायचं, रिसीव्हरवर नाही. उपग्रहावरून येणारं सिरियस एक्सएमचं हवामान जमिनीवरही मिळतं, कुठल्याही उंचीवर मिळतं. त्याला दरमहा पैसे लागतात. जीडीएल ५२ त्यासाठीच महाग. जो वर्षाला दोन-तीनशे तास लांबचा प्रवास करतो, ढगांतून जायचा परवाना ज्याच्याकडे आहे, त्याच्यासाठी ते पैसे सत्कारणी लागतात. तुमच्यासाठी नाही. त्या पैशांत एखाद्या शिक्षकाबरोबर पाच-सहा तास उडा.

पण फुकटचं असो की विकतचं, रडारचं चित्र शिळं असतं. किती शिळं, हे त्या चित्रावर लिहिलेल्या मिनिटांवरून कळत नाही. जवळच्या प्रदेशाचं चित्र पाच मिनिटांनी नवं होतं, देशभराचं पंधरा मिनिटांनी. अनेक रडारांची चित्रं जोडून एक गोधडी शिवली जाते आणि पडद्यावर दिसतं ते गोधडी शिवून झाल्यापासूनचं वय. तिच्यातली ठिगळं त्याहून जुनी असतात. एनटीएसबीनं जून २०१२ मध्ये याच गोष्टीवर सावधगिरीची सूचना काढली: टोकाच्या परिस्थितीत खरं वय लिहिलेल्या वयापेक्षा १५ ते २० मिनिटांनी जास्त असू शकतं.

मी हे डोळ्यांनी पाहिलं ते एका जुलैच्या दुपारी, डब्यूकहून ड्यूपेजला परतताना. इथली वादळं आपल्या वळिवासारखीच दुपारी माजतात, फक्त त्यांचा आवाका मोठा, आणि एकदा ओळ धरली की आयोवापासून विस्कॉन्सिनपर्यंत भिंत उभी राहते. रॉकफर्डच्या अलीकडे दोन गडगडाटी ढगांच्या मध्ये पडद्यावर स्वच्छ फट होती, पंचवीसेक मैलांची. चित्राचं वय लिहिलं होतं सात मिनिटं. शेजारी बसलेला विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, जाऊ शकतो की." मी त्याला आयपॅड उलटा ठेवायला सांगितलं आणि समोर बघायला लावलं. समोर फट नव्हती. तिथे जांभळट-राखाडी पडदा जमिनीपर्यंत उतरला होता आणि त्याच्या आत वीज लकाकत होती, आवाज न करता. आम्ही फ्रीपोर्टला उतरलो. विमान बांधून कॉफी घेईपर्यंत फोनवर नवं चित्र आलं: दोन ढग एक झाले होते, फटीच्या जागी लाल-जांभळा पट्टा. आयपॅडवरची ती फट आम्ही बघत होतो तेव्हाच बुजलेली होती.

त्यामुळे माझा नियम कडक आहे. रिसीव्हरवरचं रडार दुरूनच वाट बदलण्यासाठी वापरायचं, दोन ढगांमधून वाट काढण्यासाठी कधीही नाही. तीव्र वादळापासून किमान २० मैल दूर राहा असं एफएए सांगतं; म्हणजे दोन वादळांच्या मध्ये ४० मैलांची फट नसेल तर ती फट नाहीच असं समजायचं. आणखी एक खाचखळगा: जिथलं चित्र मिळालेलंच नाही तो भाग आणि जिथे पाऊस नाही तो भाग, हे घाईत सारखेच वाटतात. ॲप त्यांना वेगळ्या छटेत दाखवतं. ती छटा कोणती, ते घरी सोफ्यावर बसून शिकून घ्या.

मॅकिनॅकच्या वाटेवर दोन्ही गोष्टी लागतील. सरळ रेषेत ते तीनशेच्या आतबाहेर सागरी मैल आहे, पण मिशिगन सरोवर मधून कापू नका, एका इंजिनाच्या विमानात मुलीला घेऊन तर नाहीच. किनाऱ्याकिनाऱ्यानं जा, थोडं लांब पडलं तरी. सकाळी लवकर निघा. दुपारी वादळं उभी राहायच्या वेळेला तुम्ही त्या मोटारगाड्या नसलेल्या बेटावर घोडागाडीत असलेलं बरं. परतीच्या दिवशी हवा बिघडली तर एक रात्र जास्त राहायची तयारी आणि हॉटेलचे पैसे आधीच बाजूला ठेवा. माझ्या मते कुठल्याही रिसीव्हरपेक्षा त्या एका रात्रीच्या पैशांचं मोल जास्त आहे.

आता यंत्रांकडे येऊ. सेंट्री मिनीत दोन्ही लहरी आहेत, जीपीएस आहे, आणि तुमच्या वायफायच्या आयपॅडला जीपीएसची गरज आहेच. पण तिला बॅटरी नाही, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नाही. भाड्याच्या विमानात चार्जिंगचं सॉकेट चालेलच याची खात्री नसते. मग पॉवर बँक, वायर, ती वायर मुलीच्या पायात. सेंट्रीची बॅटरी कंपनीच्या म्हणण्यानुसार १२ तास चालते, तिच्या वरच्या आवृत्तीची, सेंट्री प्लसची, १८ तास. मी प्रत्यक्षात एवढी वापरलेली नाही, पण दिवसभराच्या सहलीत ती कधी संपलीही नाही. प्लसला छोटा पडदा आहे, तो असला तर बरा, नसला तरी अडत नाही.

कार्बन मोनॉक्साइडबद्दल मी जरा हट्टी आहे. सेस्नाच्या केबिनमधली ऊब सायलेन्सरभोवतीच्या आवरणातून हवा फिरवून येते. सायलेन्सरला केसाएवढी चीर गेली की तो वायू उबेबरोबर आत येतो. वास नाही, रंग नाही, आणि पहिला परिणाम म्हणजे तुमची विचारशक्तीच मंदावते, त्यामुळे काहीतरी बिघडलंय हे कळायची शक्तीही जाते. एनटीएसबीला १९८२ ते २०२० या काळात या वायूमुळे झालेले ३१ अपघात सापडले. त्यांतले २३ जीवघेणे, ४२ मृत्यू. त्या ३१ पैकी फक्त एका विमानात डिटेक्टर होता. काही वर्षांपूर्वी एका जानेवारीत माझ्या बाबतीत अलार्म वाजला तेव्हा मला वाटत होतं ते एवढंच, की आज कालच्या जागरणानं डोकं जड झालंय. हीटर बंद केला, खिडकी आणि हवेच्या झडपा उघडल्या, बोटं बधिर होईपर्यंत थंडीत उडत जवळच्या विमानतळावर उतरले. मेकॅनिकनं आवरण काढलं तर सायलेन्सरवर काळपट रेघ होती, नखानं जाणवेल इतकीच. तेव्हापासून अलार्मशिवाय मी पिस्टन इंजिनाच्या विमानात बसत नाही. मिनीच घ्यायची असेल तर वेगळा, आवाज करणारा डिटेक्टर घ्या. रंग बदलणारं ते चिकटवायचं कार्ड नको, ते कुणी बघत नाही.

स्ट्रॅटक्सबद्दल मला आदर आहे. रास्पबेरी पाय, प्रत्येक लहरीसाठी एक असे दोन रेडिओ डोंगल, आणि खुलं सॉफ्टवेअर. ज्यानं तो बांधला त्याला आतलं सगळं कळतं. तुम्ही संगणकातले आहात, एका रविवारी बांधाल. अँड्रॉइडवर उडणाऱ्यासाठी तर तोच चांगला पर्याय, कारण फोरफ्लाइट अँड्रॉइडवर नाही आणि सेंट्री फोरफ्लाइटशिवाय बोलत नाही. स्ट्रॅटक्स मात्र अव्हेअरसारख्या मोफत ॲपशीही बोलतो. ॲप बदलायचा विचार असेल तर हा मुद्दा आधी तपासा. सेंट्री घेणं म्हणजे फोरफ्लाइटशी लग्न लावणं. स्वतःचं विमान असतं तर मी म्हटलं असतं, जरूर बांधा. भाड्याच्या विमानात दर वेळी तो जोडायचा, उन्हात तापला तर बघायचं, मेमरी कार्ड रुसलं तर उघडायचं, हे सगळं घरची माणसं मागे बसलेली असताना नको. बांधा, पण छंद म्हणून.

काही यंत्रं विमान किती झुकलंय तेही दाखवतात. चुकून ढगात शिरलात आणि विमानातली उपकरणं गेली तर त्याचा आधार होईल, पण त्यासाठी यंत्र घट्ट बसलेलं हवं आणि जमिनीवर एकदा सरळ करून घेतलेलं हवं. तुम्ही ढगांबाहेर, स्वच्छ हवेतच उडणार आहात, तेव्हा यासाठी जास्त पैसे मोजू नका.

जागेचं मात्र महत्त्व आहे. धातूचं छत आणि पंख संदेश अडवतात. डॅशबोर्डवर ठेवलं तर ऊन लागून बंद पडतं. १७२ मध्ये मागच्या बाजूच्या खिडकीच्या काचेला सक्शन कपनं लावलं की बहुतेक वेळा चांगलं ऐकतं. काच आधी पुसा, नाहीतर टेकऑफच्या वेळी कप सुटून ते कुणाच्या तरी डोक्यावर पडेल. उन्हाळ्यात विमानात ठेवून जाऊ नका, लिथियमची बॅटरी आहे.

भारताबद्दल: ९७८ लहरीवरची ही फुकट हवामानसेवा अमेरिकेपुरती आहे, भारतात तशी केंद्रं नाहीत. बारामतीला किंवा धुळ्याला हे यंत्र घेऊन बसलात तर जीपीएस चालेल, अलार्म चालेल, १०९० वर बोलणारी विमानं दिसतील, हवामानाची जागा मात्र कोरीच राहील. तेव्हा भारताचा विचार करून आज निवड करू नका.

जायच्या आधी दोन फेऱ्या करा. पहिलीत शिक्षकाला शेजारी बसवा आणि प्रत्येक इशाऱ्यावर आधी खिडकीतून विमान शोधा, मगच आयपॅडकडे बघा. दुसरीत घरच्यांना न्या, ड्यूपेज ते पॉप्लर ग्रोव्ह एवढीच, शनिवारी सकाळी. मुलीला विमानं शोधायचं काम द्या. नऊ वर्षांच्या मुलांची नजर आपल्यापेक्षा चांगली असते आणि ती कंटाळतही नाहीत. तिथे उतरल्यावर गवताच्या कडेला एखादी पिवळी कब उभी असेलच. ती उडाली की आयपॅड मुलीच्या हातात द्या आणि तिला ती कब पडद्यावर शोधायला सांगा.